नागाबाईचा डावा डोळा

माझं नाव सिंधु. पण ते आता रेशनकार्डावर आणि दोन-चार जुन्या बायकांच्या तोंडीच उरलंय. पंधरा-सोळा वर्षं आशा कार्यकर्ती म्हणून घरोघर फिरतेय, त्यामुळे बाकी सगळं गाव मला 'आशाताई' म्हणतं. नव्या सुनांना तर तेच माझं पाळण्यातलं नाव वाटतं. आधी मी दुरुस्त करायची, आता सोडून दिलं. लोकांनी एकदा काही मनात धरलं की ते काढणं किती अवघड असतं, हे मी नागाबाईच्या डोळ्यावरून शिकले.

आमचं गाव किल्लारीच्या अलीकडे, भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं. गल्ल्या सरळ, घरं एका मापाची, दारं एकसारखी. नवा पाहुणा हमखास चुकीच्या घरात शिरतो आणि पाणी पिऊन झाल्यावर त्याला कळतं. नागाबाईच्या घराला मात्र कुणी चुकत नसे. ओट्यावर डाव्या डोळ्याला पदर लावून बसलेली बाई दिसली की तेच घर.

त्या डोळ्याची खालची पापणी बाहेर उलटली होती. आतला लालभडक भाग उघडा पडलेला, मिठात घातल्यासारखा चुरचुरणारा. पाणी डोळ्यात ठरतच नसे, सारखं गालावर. गालाची कातडी त्या ओलीनं ताणून चकचकीत झाली होती. झोपली तरी तो डोळा पुरता मिटत नसे, खाली पांढरी फट राहायची. मी दुपारी लसीकरणाच्या यादीसाठी गेले आणि ती कलंडलेली असली की मला वाटायचं, ही जागी आहे आणि माझ्याकडेच बघतेय. सोळा वर्षांत मी काय काय पाहिलं, पण त्या फटीची मला भीती वाटायची. खोटं कशाला सांगू?

गावाचं म्हणणं असं, की सुनेसाठी रडून रडून नागाबाईचा डोळा असा झाला.

चौदा वर्षांपूर्वी, सोयाबीनची रास, म्हणजे मळणी, चालू होती त्या दिवसांत, तिची सून राजकन्या गेली. चोविसाव्या वर्षी. पोटात दोन महिन्यांचा गर्भ होता, तो नको त्या जागी, नळीत राहिला होता आणि नळी आतल्या आत फुटली. जीपमध्ये घालून लातूरला नेत होते, औसाही गाठला नाही. मागे चार वर्षांची देविका. नवरा अंगद नंतर पुण्याकडे कंपनीत गेला, तिकडेच दुसरा संसार मांडला. त्याचा फोन येतो, तो येत नाही. देविकाला नागाबाईनंच वाढवलं. मायेनं वाढवलं, हे मी कुणाहीसमोर सांगेन.

मी तेव्हा नवी नवी आशा होते. गरोदर बाई दगावली की एक फॉर्म भरावा लागतो. त्रास कधी सुरू झाला, कुणाला सांगितलं, गाडी कधी मिळाली, सगळं तासावारी. मी तिसऱ्या दिवशी फॉर्म घेऊन गेले. नागाबाई भिंतीला टेकून बसलेली, डाव्या डोळ्यातून धार. "मावशी, दुखायला कधी लागलं?" मी विचारलं. "तीनला," ती म्हणाली. मी लिहिलं, दुपारी तीन. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी विचारलं, एवढ्या लवकर गेली? नीट विचारलंस ना? मी म्हटलं, "सर, त्या बाईचा डोळा तरी एकदा बघून या." माझा आवाज चढलाही होता थोडा. त्यांनी सही केली.

पुढे तो डोळा वाहतच राहिला आणि नागाबाई गावात मोठी झाली. तंटामुक्त समितीत तिला घेतलं. सासू-सुनेचं भांडण आलं की तिला खुर्चीवर बसवायचे आणि सासूला सांगायचे, "ह्या बाईकडं बघ जरा. सून जाऊन इतकी वर्सं झाली, डोळा वाळला न्हाई." नागाबाई काही बोलायची नाही, पदरानं डोळा खाली ओढून पुसायची. भांडण तिथंच मिटायचं. कुणाकडे मयत झाली तरी तिला पुढे बसवायचे. मीसुद्धा नव्या सुनांना सांगायची, अशी सासू मिळायला भाग्य लागतं. मीच जास्त सांगायची.

आणि दरवर्षी पितृपंधरवड्यात अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या सवाष्णीचं त्या दिवशी करतात. तिच्या नावानं एक जिती सवाष्ण जेवायला बसवतात, तिची ओटी भरतात. राजकन्येच्या नावानं नागाबाई मला बसवायची. राजकन्या आणि मी एका वयाच्या, तीही कारण असेल. ताट वाढायच्या आधी ती पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ठेवायची आणि म्हणायची, "आधी पानी पी." मी म्हणे, मावशी, जेवताना पिते की. "न्हाई, आधी पी." मी प्यायल्याशिवाय ती वाढायला उठत नसे. मी आपली पीत होते, चौदा वर्षं.

त्या दिवशी कंधारकडून राजकन्येची आई सत्यशीला यायची. आदल्या दिवशी लातूरला भावाकडे मुक्काम, सकाळच्या जीपनं आमच्याकडे. दोघी विहिणी उंबऱ्यातच एकमेकींच्या गळ्यात पडायच्या आणि सत्यशीलाबाई असा हंबरडा फोडायच्या की गल्लीतल्या बायकांचे पदर डोळ्याला लागायचे.

आता आपरेशनचं. नेत्र शिबिर आलं की मी नागाबाईचं नाव यादीत पहिलं घालायची आणि शिबिराच्या दिवशी ती बरोबर रानात गेलेली असायची. "माझा डोळा हाय. वाहू दे की. तुझं काय जातंय?" असं वर मलाच. मी चिडायची. पण गेल्या उन्हाळ्यात तिला त्या डोळ्यानं दिसेनासं झालं. देविका यंदा नांदेडला नर्सिंगला लागलीय, होस्टेलवर असते. सुट्टीत आली, आजीच्या डोळ्यात बॅटरी मारून बघितली आणि नुकतंच शिकलेलं सगळं आजीवर काढलं. "बुबुळ वाळून चाललंय. ह्या दोन महिन्यांत आपरेशन न्हाई केलं, तर मी दिवाळीला येनार न्हाई. मामाच्या गावाला जाईन आजीकडं."

म्हणजे सत्यशीलाबाईंकडे. नागाबाईचं तोंड एकदम उतरलं. "करते," म्हणाली. "पन नवमी झाल्यावर."

मी म्हटलं, नवमीनंतर कशाला, लातूरच्या दवाखान्यात नवमीच्या पंधरा दिवस आधीची तारीख मिळतेय. ती नाहीच म्हणत होती. देविकानं बॅग भरायला घेतली तेव्हा कुठं हो म्हणाली.

लातूरच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर गंधार म्हणून तरुण डॉक्टर आहेत. बोलायला साधे. त्यांनी पापणी बोटानं खाली ओढून सोडली, ती जागेवर आलीच नाही. म्हणाले, "आजी, परकराची नाडी सैल झाली की काय होतं? तसंच झालंय. वयानं सैल झाली, पदरानं खाली ओढून ओढून तुम्ही आणखी सैल केली आणि ओलीनं गालाचं कातडं आखडलं. कोपऱ्यात थोडी कापून आखूड करायची आणि टाके घालून हाडाकडे ताणून बसवायची. तासाभराचं काम."

"आन् मंग पानी?" नागाबाईनं विचारलं.

"बंद. डोळा कोरडा होईल म्हणजे नेहमीसारखा होईल."

"पुरताच बंद?"

"गळणार नाही. रडाल तेव्हा येईलच की."

डॉक्टर हसले. ती हसली नाही. बाहेर बाकावर बसल्यावर मला म्हणाली, "सिंधु, डोळा कोरडा दिसला तर लोक काय म्हनतील?" मी म्हटलं, लोक म्हणतील बरी झाली. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की मीच काहीतरी बावळटासारखं बोलले असं मला वाटलं.

आपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. भूल फक्त डोळ्यापुरती, त्यामुळे आत तिला सगळं ऐकू येत होतं. बाहेर आणली तेव्हा डाव्या डोळ्यावर जाड पट्टी. दुपारी वॉर्डात इतर बायका जेवून लवंडल्या होत्या. मी तिच्या उजव्या बाजूला स्टुलावर बसले, तर ती म्हणाली, "डाव्या अंगाला बस."

"तुमाला दिसनार न्हाई मी तिकडं."

"म्हनूनच. ती जागा रिकामी नको."

मी उठून डावीकडे बसले. मग छताकडे बघत म्हणाली, "तू इचारलं व्हतंस तवा म्या तीन वाजता म्हनले. ते खोटं हाय."

मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय. चौदा वर्षांपूर्वीचा फॉर्म कुणाच्या डोक्यात असणार?

"सकाळी उठल्या-उठल्याच म्हनली व्हती ती, आत्याबाई, पोटात लई दुखून राहिलंय. म्या म्हनले, आज रास हाय. मशीन एका दिवसासाठी भेटलंय, उद्या दुसऱ्याच्या रानात जाईल. तुझे नखरे आजच निघाले का? म्हनून म्या गेले रानात. अंगद पोती आनायला गेलता. धा वाजता ही चालत चालत रानात आली. बांधावरच्या बाभळीखाली बसली, पोट धरून. माझ्या डाव्या अंगाला. हाक मारली मला, आत्याबाई, पानी द्या. मशीनचा लई आवाज व्हता. कुनालाबी वाटंल मला ऐकू गेलं न्हाई."

मी तिच्याकडे वाकून विचारलं,

"गेलतं का ऐकू?"

"गेलतं. म्या बघितलं तिच्याकडं. आन् तोंड फिरवलं. तवाच भुसकट गेलं ह्या डोळ्यात."

वॉर्डात पंखा घरघरत होता. मला माझ्या हातांचं काय करावं कळेना.

"पानी बंद झालं न्हाई त्या डोळ्याचं. मशीन बंद झालं तवा तीन वाजले व्हते. आवाज थांबला तवा बघितलं, तर ती आडवी. पुढचं तुला ठाव हाय. घरी मढं आनलं, बाया जमल्या, माझा डोळा वाहूनच राहिलता. बाया म्हनल्या, बगा कशी रडून राहिली. सिंधु, म्या एक टिपूस रडले न्हवते. भ्यालते. आतून पार वाळून गेलते. पन म्या न्हाई बी म्हनले न्हाई. मंग लोकांनीच चालवलं ते. डोळ्यानंबी चालवलं. कधी पानी कमी झालं, तर म्याच चोळायची."

"चोळायच्या?"

"हाव. येक-दोन वर्सं. मंग पापनी उलटली, चोळायची गरज ऱ्हायली न्हाई."

मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. आपरेशन झालेल्या सत्तरीकडे झुकलेल्या बाईबद्दल असं वाटणं वाईट आहे, पण वाटलं ते सांगतेय. मी उठून बाहेर गेले, जिन्याच्या पायरीवर बसले. तिथं बसल्यावर मला तांब्या आठवला. आधी पानी पी. चौदा वर्षं ती बाई माझ्या हातात राजकन्येनं मागितलेलं पाणी देत होती आणि मी ते गटागट पीत होते.

आणि मग माझा राग माझ्याकडेच वळला. फॉर्म मी भरला होता. सकाळपासून दुखत असलेल्या पोरीचं, माझ्या वयाच्या बाईचं, मरण मी दुपारी तीनला सुरू केलं होतं. का, तर समोरच्या बाईच्या डोळ्यात पाणी होतं. शेजारच्या घरी विचारलं असतं, रानातल्या गड्यांना विचारलं असतं, तर कळलं असतं. विचारणं हेच तर माझं काम. मी विचारलं नाही, वर डॉक्टरांवर आवाज चढवला.

संध्याकाळच्या आत मी परत वर गेले. तिला पट्टी उचलून थेंब घालायचे होते ना.

"इहीनबाईला काय सांगू?" तिनं विचारलं. "नवमीला ती येईल. गळ्यात पडंल. डोळा कोरडा बघंल. चौदा वर्सं ती गावोगाव सांगती, माझ्या लेकीच्या सासूनं डोळा रडून घालवला."

"खरं सांगा," मी म्हटलं.

"ती देविकाला सांगंल. पोरगी परत येनार न्हाई."

मी म्हटलं, "यंदा तुमी सांगितल्याबिगर मी त्या ताटावर बसनार न्हाई." एवढं बोलून मी थेंब घातले.

आठव्या दिवशी टाके काढले. डॉक्टर गंधारांनी उजव्या डोळ्यावर हात धरून डाव्यासमोर बोटं नाचवली, तिनं बरोबर सांगितली. पापणी छान बसली होती, बुबुळावरचे ओरखडे भरत होते. "साफ दिसतंय ना, आजी?" तिनं डावीकडे दाराकडे बघितलं. तिथं कुणी नव्हतं. "दिसतंय," ती म्हणाली. डॉक्टर खूश झाले. आता डोळा चोळायचा नाही, पुसायचाच झाला तर कापसानं खालून वर, नाकाच्या बाजूला, असं त्यांनी दोनदा बजावलं.

जीप गावाकडे वळली, की तिचं जुनं रान लागतं. ते रान आता दुसऱ्यानं घेतलंय. तिनं माझं मनगट धरलं. तिची बोटं गार पडली होती.

"बाभळीखालची ती धूसर व्हती तेच बरं व्हतं, सिंधु," ती हळू म्हणाली. "इतकी वर्सं पान्यातून दिसायची. आता पदराचा काठबी दिसून राहिलाय."

मी बघितलं. बांध होता, सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. बाभूळ तर दहा वर्षांपूर्वीच तोडली. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मला ठाव हाय की. म्याच उभी राहून तोडून घेतली." सोबत बसलेल्या बाईनं विचारलं, आजीला गाडी लागते का? मी हो म्हटलं.

पुढचे चार-पाच दिवस नागाबाई ओट्यावर आलीच नाही. गावाला तिचा नवा डोळा बघायचा होता. शेजारची लक्ष्मीबाई तर रोज काहीतरी निमित्त काढून यायची. "आता कसं बाई ओळखायचं तुमचं घर?" असं म्हणून हसायची. नागाबाई तिच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसायची. मी सकाळ-संध्याकाळ मलम लावायला जायची, कामापुरतं बोलायची. तिच्याशी बोलावंसंच वाटत नव्हतं. पण तिनं जेवण सोडलंय हे दिसल्यावर मीच घरून भाकरी नेली. आपलंच माणूस, काय करता?

नवमी उजाडली. तिनं सगळं केलं होतं. खीर, वडे, आमटी, भोपळ्याची भाजी. पाट मांडला, समोर तांब्या ठेवला. मी दाराशी उभी राहिले. "बस," ती म्हणाली. मी मान हलवली.

साडेदहाच्या जीपनं सत्यशीलाबाई आल्या. साठीच्या बाई, काटक, हातात नेहमीची पिशवी. उंबऱ्यात थांबल्या. दरवर्षी ह्या वेळेला दोघी एकमेकींच्या गळ्यात पडायच्या. नागाबाई दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. हात खाली. दोन्ही डोळे कोरडे.

सत्यशीलाबाईंनी डाव्या डोळ्याकडे नीट बघितलं. "झालं का आपरेशन?"

"झालं."

"बरा दिसून राहिला."

त्या आत येऊन भिंतीशी बसल्या. नागाबाई त्यांच्यासमोर बसली, मांडीवर हात ठेवून, आणि तिनं सांगितलं. मला वाटलं होतं रडेल, भाकेल, स्वतःला बोल लावेल. तसं काही नाही. सकाळी उठल्यावर पोट दुखतंय म्हनली व्हती, म्या नखरे म्हनले. धाला रानात आली. पानी मागितलं. म्या ऐकलं आन् तोंड फिरवलं. डोळ्यात भुसकट गेलतं. म्या रडले न्हवते. आजपत्तुर रडले न्हाई. एवढंच. बोलताना ती सारखी डावीकडे, पाटाकडे बघत होती. पाटावर कुणी नव्हतं. तांब्या तसाच भरलेला.

सत्यशीलाबाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या.

नागाबाईचं तोंड उघडं राहिलं.

"सकाळचं, पान्याचं ठाव न्हवतं. ते आज कळलं. पन रडला न्हवतात, ते पैल्या दिवसापासनं ठाव हाय. म्या तुमच्या समोरच बसलते, लेकीच्या उशाला. आई तिथं बसती तवा ती समद्यांची तोंडं बघती, इहीनबाई. कोन किती रडून राहिलंय. तुमचा उजवा डोळा ठणठणीत कोरडा व्हता. मानूस येका डोळ्यानं रडत न्हाई."

गावानं चौदा वर्षं तो डावा डोळा बघितला, मी बघितला, समितीनं बघितला. उजव्याकडे त्या एकट्या बाईनं बघितलं होतं.

"मंग बोलला कामून न्हाईत?" नागाबाईनं विचारलं.

"चार वर्साचं लेकरू तुमच्या हातचं खानार व्हतं. माझ्या घरी सुना ठेवून घ्यायला तयार न्हवत्या, म्या इचारलं व्हतं. बोलले असते, तर तुमी तिला कशी जेवू घातली असती? म्हनून गप बसले. दर साली आले, गळ्यात पडले, माझं माझं रडून गेले. गावोगाव तुमचं नाव केलं. येवढं नाव झाल्यावर बाई पोरीला वाईट वागवनार न्हाई, म्हनून केलं." त्यांनी श्वास घेतला. "आता पोरगी होस्टेलात हाय. तुमच्या हातचं खात न्हाई. आता बोलले."

बाहेर गल्लीत कुणीतरी बकरी हाकलत होतं. त्याचा आवाज येऊन गेला.

"देविकाला..." नागाबाई म्हणाली.

"म्या न्हाई सांगनार. माझ्यानं व्हनार न्हाई. पोरीला तुमच्याबिगर दुसरी आई ठाव न्हाई, तिच्याकडनं ती बी घेऊ का म्या? तुमचं हाय, तुमी सांगा, न्हाईतर ठेवा जवळ."

त्या उठल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सिंधु, तू बस जेवायला. माझ्या लेकीच्या नावाचं ताट हाय. सुकू देऊ नको."

मी बसले. नागाबाईनं वाढलं, आमटी ताटाबाहेर सांडली. मी आधी पाणी प्यायले. जन्मात इतकं कठीण काही गिळलं नसेल. सत्यशीलाबाई मी जेवेपर्यंत उभ्या राहिल्या, माझा शेवटचा घास होईपर्यंत माझ्याकडे बघत होत्या. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि दुपारच्या जीपनं गेल्या. नागाबाईचा निरोप घेतला नाही.

जीपचा आवाज संपला आणि मागून एक आवाज आला. मी वळले. नागाबाई पाटाशी बसून तांब्या दोन्ही हातांनी धरून रडत होती. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. पोटातून येत होता आणि मधेच अडकत होता, रडण्याची सवय नसलेल्या माणसाचा. "पोरी, पानी घे," म्हणत होती. "घे गं, पानी घे."

लक्ष्मीबाई धावत आली. दारातून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई आशाताई, आपरेशन वाया गेलं की! परत गळाया लागला डोळा."

टाके काढून पाचच दिवस झाले होते आणि मला खरंच काळजी वाटत होती, पापणी सुटली तर? मी डॉक्टर गंधारांना फोन लावला. म्हटलं, सर, नागाबाईच्या डोळ्यातून पाणी येतंय, खूप येतंय.

"एकाच डोळ्यातून की दोन्ही?" त्यांनी विचारलं.

मी बघितलं. लक्ष्मीबाई मागून वाकून डावाच डोळा बघत होती. मी उजवाही बघितला.

"दोन्ही, सर."

"मग पापणी ठीक आहे. रडू द्या त्यांना. फक्त पुसताना खालून वर पुसा."

मी कापूस घेतला, तिच्यासमोर बसले आणि खालून वर, नाकाकडे पुसत राहिले. कापूस भिजला की दुसरा. माझा राग गेला नव्हता. आजही पुरता गेलेला नाही. पण हात हळूच चालत होता. लक्ष्मीबाई कंटाळून गेली. बऱ्याच वेळानं नागाबाईनं माझा हात धरला आणि बाजूला केला. तिनं डावीकडे बघितलं नाही. सरळ माझ्याकडे बघितलं.

"देविकाला फोन लाव," ती म्हणाली.

मी लावला.